उखाने बांधलेली भिंत

रनाळे,
चैत्र वद्य, १९६३

प्रिय रंजना,

तुला आणि नथ्थूला माझा आशीर्वाद. हे अक्षर ओळखलंस का? काना नीट उभा राहत नाही आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन पडते, पण आहे माझंच. माहेरी तिसरीपर्यंत शिकले होते, ते सगळं चुलीत गेलं होतं. तू या घरात आलीस आणि दुपारच्या वेळी डाळ निवडता निवडता ताटातल्या पिठात बोटाने अक्षरं काढून दाखवायचीस, तेव्हा पुन्हा हात वळला. बोलायला आपली अहिराणी, पण लिहायला बसले की तुझ्यासारखंच पुस्तकातलं येतं. तू गेल्यापासून या घरात कोणी पिठात बोट फिरवलेलं नाही.

इकडची खबर अशी, की अंगणातल्या आंब्याला यंदा पाड लवकर लागला. पुस्तकात अक्षय्य तृतीया लिहितात ती आपली अखाजी तोंडावर आली आहे, सासरी गेलेल्या पोरी एकेक करून गावात येताहेत. निंबाला झोके बांधले आहेत, गौराईची गाणी ऐकू येतात. शेजारच्या वत्सलाबाईंची सरला आली, तिला दुसरा मुलगा झाला. तिने तुझी आठवण काढली. म्हणाली, रंजनावहिनी झोक्यावर उभी राहून किती उंच जायची. मला ते आठवत नव्हतं, पण मी हो म्हटलं. तुझं शिवणाचं मशीन आल्याचं तुझ्या धुडकूभाऊने निरोपात कळवलं होतं. ऐकून बरं वाटलं. तुझ्या भावाने तुला आपल्या घरात ओझं म्हणून नाही ठेवलं, माणूस म्हणून ठेवलं. लोणखेड्याची पोळी गोड लागत असेल तुला. तशीच लागो.

म्हशी आता अठरा झाल्या. तुझ्या सासऱ्यांनी, आबांनी होळीनंतर आणखी दोन आणल्या. नंदुरबारच्या हॉटेलवाल्यांना चहासाठी दूध पुरत नाही म्हणतात, जितकं पाठवू तितकं संपतं. तुझ्या आवडत्या भुरीला रेडी झाली. आबा दिवसभर गोठ्यात असतात. माझा उखा होता तेव्हाही इतके नसायचे. आता म्हशींशी बोलतात, माझ्याशी जेवणापुरतं बोलतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणसाला कुठे तरी बसावं लागतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात चारच म्हशी होत्या. पुढच्या अर्ध्या घरात म्हशी, मागच्या अर्ध्यात आम्ही, मध्ये आणि चारी बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड. पहिल्या दिवशी मला वास आला होता. माहेरी आमच्याकडे बैल अंगणात बांधायचे, म्हणून सवय नव्हती. महिनाभरात तो वास गेला. म्हणजे वास तिथेच होता, माझं नाक गेलं. पण तो वास शेणाचा होता, कडब्याचा होता, दुधाचा होता. कुडातून वारा आरपार जायचा. थंडीच्या दिवसांत आम्ही त्या कुडाला शिव्या द्यायचो.

माझी पहिली दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेली, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी बाळ जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून आणून माझ्या पदरात टाकलं. टाकून दिलेलं पोर आहे, याच्यावर कोणाची नजर जाणार नाही, असं म्हणून त्याचं नाव उखा ठेवलं. आणि खरंच, त्याला काही झालं नाही. पावसात भिजला, झाडावरून पडला, अंगावर माता निघाल्या, सगळ्यातून उठला. त्याची छाती बघून तालमीतले लोक म्हणायचे, पितांबर पाटलाचा पोर कुस्ती मारेल. तुझं स्थळ आलं तेव्हा तुझ्या वडिलांनी दुसरं काही विचारलं नाही, पोराला एकदा नजरेने मापलं आणि सुपारी फोडली.

मग तुमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी कूड कापून दोन म्हशी चोरीला गेल्या. आबांनी आठ दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. त्यानंतर कूड निघाला आणि विटांची भिंत आली. वर पत्रे आले. गवंडी अर्धं काम टाकून निघून गेला, तेव्हा उरलेली भिंत उखाने स्वतः रचली. तू पाण्याच्या घागरी देत होतीस आणि तो गाणं म्हणत विटा लावत होता. खिडक्या ठेवायच्या की नाही यावर बापलेकांचं बोलणं झालं. आबा म्हणाले, खिडकी ठेवली म्हणजे चोराला बोलावणं. उखाने खिडक्यांच्या जागाही बुजवल्या. फक्त एक दार राहिलं. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा थंडीत उबेने झोपलो. आबा रोज संध्याकाळी त्या भिंतीवर थाप मारून बघायचे, एखाद्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

तू नवी होतीस, तुझं नाक शाबूत होतं. तूच पहिल्यांदा म्हणालीस की सकाळी गोठ्याचं दार उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. मी म्हटलं होतं, सवय होईल. मला वाटलं, माझी झाली तशी. पण तो माझ्या वेळचा वास नव्हता. तुला आठवतं, कल्हईवाला अंगणात भट्टी लावायचा आणि तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, नाकात सुई घुसल्यासारखं व्हायचं? गोठ्यात तसंच होऊ लागलं होतं. तांब्याचा हंडा चिंचेने घासून ठेवला तरी त्याच्यावर हिरवट चढायचं. पावसाळ्यात मुताला वाट मिळायची नाही, जमीन पिऊन पिऊन भरली होती. म्हशीसुद्धा खोकायच्या. गुरांचे डॉक्टर टोचायला आले तेव्हा दारातच थांबले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "पाटील, भिंतीला भोकं पाडा हो. जनावरं गुदमरताहेत." आबांनी त्यांना चहा पाजला आणि पुन्हा बोलावलं नाही.

उखाचा दम सुरू झाला तो नथ्थूच्या जन्मानंतरच्या हिवाळ्यात. धार काढून आला की ओट्यावर बसायचा आणि तोंड उघडून श्वास ओढत राहायचा. मला म्हणाला, "माय, मन्ही छातीवर कोनी बशेल शे असं वाटस." आम्ही ओव्याचा शेक दिला, अडुळशाचा रस दिला, भगताकडे नेलं. गावात कुजबुज झाली की क्षय आहे. तू त्याला हट्टाने नंदुरबारच्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी छातीचा फोटो काढायला धुळ्याला पाठवलं आणि फोटो बघून सांगितलं, क्षय नाही. साचलेल्या शेणामुतातून अमोनिया नावाचा वायू निघतो, तो फुप्फुसं जाळतो, याला गोठ्यापासून लांब ठेवा. तू घरी येऊन ते नाव सांगितलंस तेव्हा मला ते एखाद्या परक्या बाईचं नाव वाटलं होतं. आबा तर हसले. म्हणाले, "म्हशीसना वासघाई कोनी मरस का? मन्हा बाप, मन्हा आजा ह्याच वासमा जगनात." त्यांचं चुकलं असं आज म्हणता येतं. पण त्यांचा बाप आणि आजा कुडाच्या घरात जगले होते, हे त्यांच्या ध्यानात कसं यावं? त्यांना तर वाटत होतं, आपण घर सुधारलं.

त्या उन्हाळ्यात उखा तुझ्या माहेरी राहिला. परत आला तेव्हा त्याला बघायला मी वेशीपर्यंत गेले होते. गाल भरले होते. लोणखेड्याहून आंब्यांची टोपली डोक्यावर घेऊन आला, आणि त्याला दम लागला नव्हता. मी मनात देवीला साडी बोलले. त्याने मला सांगितलं होतं, बाहेरच्या खळ्यावर झोपडी बांधतो, मी आणि रंजना तिकडे राहू, फक्त धारेपुरता इकडे येईन. आबाही नाही म्हणाले नव्हते. पण म्हशी दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नव्हत्या, मग पेरणी आली, मग निंदणी, आणि झोपडीचे वासे अंगणात तसेच पडून राहिले. त्यात कोणाची लबाडी नव्हती, रंजना. घरात कामं अशीच राहतात.

पौषातला तो आठवडा मी कितीदा तरी मनात उलगडून बघते. अवकाळी पाऊस लागला होता, थंडी अशी की म्हशी बाहेर काढता येईनात. उघडीप मिळेल तेवढ्यात कापूस वेचायचा म्हणून गडी-बाया सगळे शेतात. गोठ्यात शेण साचलं, मूत साचलं, दार दिवसरात्र बंद. पाऊस थांबला त्या सकाळी आबा शेतात गेले, तू विहिरीवर होतीस. उखा फावडं घेऊन आत गेला. मी भाकरी थापत होते. आतून फावड्याचा आवाज येत होता, तो बंद झाला, तेव्हा मला वाटलं काम झालं. मग तो दारात दिसला. चौकट धरून उभा होता, डोळे लाल, तोंडातून नुसती शीळ वाजावी तसा श्वास. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावले. त्याला अंगणात ओढलं, पदराने वारा घातला. त्याने माझा हात घट्ट धरला होता. तू घागर टाकून पळत आलीस, गाडी जुंपली, तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस आणि गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लागली. मी नथ्थूला कडेवर घेऊन वेशीत उभी राहिले. पुढचं तुला ठाऊक आहे, मला नाही. वाटेत तो काही बोलला का, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मला विचारवलं नाही. परत आलेल्या गाडीत तू ज्या तऱ्हेने बसली होतीस, त्यावरूनच कळलं होतं.

दिवस झाल्यावर तू नथ्थूला घेऊन माहेरी गेलीस आणि परत आली नाहीस. गाव बोललं. कोणी म्हणालं जमिनीचा वाटा मागेल, कोणी म्हणालं तरुण आहे, दुसरं घर करेल. तू निघालीस तेव्हा मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते आणि मान वर केली नाही. तू पाया पडलीस, मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तुझ्याकडे बघितलं नाही. तुला वाटलं असेल, सासू रागावली. रागावले नव्हते ग. नथ्थू तुझ्या कडेवर होता आणि खोकत होता. मी वर बघितलं असतं तर त्याला मागितलं असतं. आणि मी मागितला असता तर तू ठेवून गेली असतीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मागच्या दिवाळीत धुडकूभाऊ नथ्थूला आठ दिवसांसाठी घेऊन आला होता. परत आल्यावर पोराने तुला सांगितलं असेल की आजीने मला मळ्यात ठेवलं, बोरं खायला दिली, मजा आली. मजा नव्हती. दोन दिवस त्याला काही झालं नाही. आबांच्या खांद्यावर बसून गावभर फिरला. आबा प्रत्येक ओट्यावर थांबून सांगायचे, हा बघा मन्हा उखाना पोऱ्या. इतक्या दिवसांनी मी त्यांना हसताना बघितलं. तिसऱ्या दिवशी आबा त्याला धार बघायला गोठ्यात घेऊन गेले. बाहेर आला तो डोळे चोळत. म्हणाला, "आजी माय, मन्हा नाकमा मिरची गई." मी त्याला जवळ घेतलं, त्याची पाठ माझ्या छातीला लागली, आणि मला ती शीळ ऐकू आली. बारीक, अगदी बारीक. पण ती मी कुठेही ओळखीन. मी त्याच पावली त्याला उचलून मळ्यात नेलं आणि तो परत जाईपर्यंत त्याला घरात आणलं नाही. आबांना वाटलं, पोराला थंडी बाधली.

तो गेल्यावर मी आबांशी बोलले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी काही करा म्हणून सांगितलं नव्हतं. दुपारची वेळ होती, ते गोठ्याच्या दारात दोर वळत बसले होते. मी म्हटलं, "ती भीत फोडी टाका. वारा येऊ द्या. नथ्थूनी छातीबी उखासारखी वाजस." त्यांनी दोर खाली ठेवला. मला वाटलं, ओरडतील. ते उठले, भिंतीजवळ गेले आणि गिलाव्यावरून हात फिरवला. तिथे एका जागी उखाची बोटं उमटली आहेत, ओला गिलावा चोपताना राहिलेली. त्या बोटांत त्यांनी आपली बोटं ठेवली. म्हणाले, "ही मन्हा उखानी बांधेल शे. हीले कोनी हात लावाना नही." आणि उभ्या उभ्या रडू लागले. रंजना, उखा गेला तेव्हाही ते रडले नव्हते. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला. ज्या भिंतीने पोर नेलं तीच भिंत त्यांच्याकडे पोराची म्हणून उरली आहे. ती मी फोडायला लावू शकत नाही. दुसऱ्या कोणाला सांगून फोडली, तर ते जगणार नाहीत.

तू म्हणशील, मग तुम्ही तरी इकडे या. मलाही कधी कधी वाटतं. तुमच्या ओट्यावर बसावं, तुझं मशीन चालताना बघावं. पण यांना जेवायला कोण बसवेल? मी समोर असल्याशिवाय ते घास घेत नाहीत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. अखाजीला आबा लोणखेड्याला येणार आहेत, सोबत माझे दोन्ही दीर असतील. नथ्थूला कायमचा इकडे आणायचं ठरलं आहे. शाळेत नाव घालायचं, शेत आणि गोठा त्याच्या नावावर करायचा. ते भांडायला येणार नाहीत, पदर पसरायला येणार आहेत, म्हणून जास्त भीती वाटते. ते तुला सांगतील की म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, तिचा जीव नातवात अडकला आहे. ते खोटं बोलत नसतील. माघापासून मी उठलेली नाही. माझ्याही छातीत आता तेच आहे, डॉक्टर नुसते गोळ्या देऊन जातात. हे चार कागद मी किती दिवस थोडे थोडे लिहिते आहे, ते अक्षरावरून तुला कळेल. वत्सलाबाई उद्या तुमच्या लोणखेड्याजवळच, शहाद्याला जाणार आहेत, त्यांच्या हाती देते. तर ऐक. नथ्थूला पाठवू नकोस. मी जगेन की नाही, याचा विचार करू नकोस. गेल्याचा निरोप आला तरी त्याला आणू नकोस, तूही येऊ नकोस, तू निघालीस तर तो तुझ्या पदराला धरून येईल. आबांचा मात्र अपमान करू नकोस. आंब्याचा रस कर, त्यांना फार आवडतो, ते नको म्हणतील तरी दुसऱ्यांदा वाढ. नथ्थूला त्यांच्या ताटाशी बसव, त्यांच्या हातचा घास घेऊ दे. ते रडतील, रडू दे. आणि संध्याकाळ झाली की गाडी जुंपून दे, आणि माझ्या माणसाला माझ्याकडे रिकाम्या हातानेच परत पाठव.

तुझीच,
आई